‘बाई, असं करून काही होत नसतं’

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या बाई पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावात, अनुदानित माध्यमिक शाळेत इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवतात. वय ३४. त्यांच्या नववीतल्या काही मुली दीड किलोमीटरवरच्या वस्तीवरून पायी येतात. थंडीच्या दिवसांत जादा तास सुटेपर्यंत अंधार पडतो आणि वाटेवरचे बहुतेक दिवे बंद असतात. बाईंनी वर्गाकडून खांब मोजून घेतले. ११ खांब, ४ दिवे चालू. मग निवेदन लिहिलं, १४ मुलं बाईंबरोबर ग्रामपंचायतीत गेली, सरपंचांनी हसतमुखाने निवेदन घेतलं, फोटो निघाला. बाईंनी तो स्टेटसला ठेवला. तिथून तो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला आणि विरोधी गटाने तो उचलून फिरवला. दुसऱ्याच दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, ‘शाळेत राजकारण आणू नका.’ एक पालक येऊन म्हणाले, ‘आम्ही पोरांना शिकायला पाठवतो, मोर्चे काढायला नाही.’ दोन महिने झाले. उत्तर नाही, दिवे तसेच. परवा वस्तीवरची एक मुलगी वर्गात म्हणाली, ‘बाई, असं करून काही होत नसतं.’ बाई विचारतात, मी आता पुस्तकात आहे तेवढंच शिकवावं आणि मार्क मिळवून द्यावेत, की हे पुढे रेटावं? शाळेत राहून मुलांना नागरिक म्हणून घडवता येतं का?

बाई, नमस्कार.

मुख्याध्यापकांचं आणि त्या पालकांचं बोलणं मी एकदा वाचलं आणि बाजूला ठेवलं. त्या मुलीचं वाक्य मात्र दोन दिवस माझ्या डोक्यातून गेलं नाही. कारण तुमच्या निवेदनाचं पुढे काय झालं असेल, ते मला साधारण ठाऊक आहे. मी १६ वर्षं ग्रामसेविका होते. आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, काम तेच. शाळेची मुलं निवेदनं घेऊन आमच्याकडेही यायची. कधी शाळेसमोर गतिरोधक हवा म्हणून, कधी मुलींच्या मुतारीला पाणी हवं म्हणून. मी सतरंजी अंथरायला सांगायची, शिपायाला गोळ्या आणायला पाठवायची, सरपंचांना फोन करून बोलावून घ्यायची. फोटो व्हायचा. मुलं रांगेत निघून गेली की तो कागद माझ्या टेबलाच्या खणात जायचा. आवक रजिस्टरला नोंद नाही, मासिक सभेपुढे विषय नाही. कुणाचा दबाव होता असंही नाही. माझ्या लेखी तो कार्यक्रम होता, अर्ज नव्हता. मोठ्या माणसाचा चार ओळींचा अर्ज आला तरी मी त्यावर शिक्का मारायची, पण मुलांच्या सुबक अक्षरातल्या दोन पानी निवेदनावर मारावा असं मला कधी वाटलं नाही. आज त्याची लाज वाटते, म्हणून सांगते आहे.

तेव्हा सगळ्यांत आधी मला एक सांगा. तुमच्या निवेदनाच्या दुसऱ्या प्रतीवर ग्रामपंचायतीचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक आहे का? पत्रात तुम्ही फोटोबद्दल लिहिलंय, पोच मिळाल्याचं कुठे लिहिलेलं नाही. पोच नसेल तर कार्यालयाच्या दृष्टीने १४ मुलं त्या दिवशी आलीच नव्हती. दोन महिने उत्तर आलं नाही म्हणून तुम्ही आणि मुली दुखावल्या आहात, पण ज्याची नोंदच नाही त्याला उत्तर कोण देणार? त्या मुलीने जे अनुभवलं ते खरं आहे. त्यातून तिने जे अनुमान काढलं ते अजून काढायची वेळ आलेली नाही. अर्ज देऊन काही होत नाही, हे म्हणण्याआधी अर्ज दिला गेला पाहिजे.

तुम्ही दोनच वाटा पाहता आहात, पुस्तकाकडे परत जाणं किंवा रेटणं. थांबलात तर निदान काही बिघडणार नाही, असं तुम्ही धरून चाललात. मला ते पटत नाही. आत्ता थांबलात तर धडा त्या मुलीच्या वाक्यावर संपतो, आणि तो तिच्या आयुष्यभर लक्षात राहील. अनुच्छेद आणि घटनादुरुस्त्या परीक्षेनंतर विसरल्या जातात. अंधारातून चालत जाऊन मागितलेलं मिळालं नाही, हे कुणी विसरत नाही. उद्या ती १८ वर्षांची होईल, ग्रामसभेची दवंडी ऐकेल आणि घरात बसून राहील. मग आपणच म्हणू, आजकालच्या मुलांना कशात रस नाही.

पण रेटण्याचाही सल्ला मी देणार नाही, निदान तुम्ही ज्या अर्थाने तो शब्द वापरलात त्या अर्थाने. तुम्ही मागणीपासून सुरुवात केलीत. खांब मोजलेत आणि सरळ निवेदनावर गेलात. मध्ये एक मोठा टप्पा राहून गेला, आणि नागरिकशास्त्र म्हणून मुलांना जे काही शिकता आलं असतं ते सगळं त्या टप्प्यात आहे. हे दिवे लावायचे कुणी? पैसा कुठून येतो? कोण ठरवतं?

मुलांना घरून घरपट्टीची पावती आणायला सांगा. सगळ्यांना नको, एक-दोन पावत्या पुरेत, आणि पहिली तुमच्या स्वतःच्या घरची आणा. पावतीवर घरपट्टीच्या जोडीला बहुधा दिवाबत्ती कर, आरोग्य कर, पाणीपट्टी असे रकाने दिसतील. दिवाबत्ती कर हा शब्द वर्गात मोठ्याने वाचा. ज्या दिव्यांसाठी मुलींनी विनंती केली, त्यांच्यासाठी त्यांच्या घरातून आधीच पैसे मागितले जातात, हे त्यांना कळू दे. मग त्या मागण्याची भाषा आपोआप बदलते. ‘कृपया आमच्यावर दया करून’ असं काही त्या लिहिणार नाहीत. (मुलांच्या निवेदनांत हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं आहे! ते त्यांना आपणच शिकवतो.)

त्याच पावतीवर आणखी एक रकाना असतो, मागील थकबाकी. इथे जपून चाला. वर्गातल्या अर्ध्या घरांची घरपट्टी थकलेली असू शकते, आणि त्यांतली काही घरं खरोखर अडचणीत असतात. कुणाच्या घरची थकबाकी वर्गात उघडी पडता कामा नये, म्हणूनच सगळ्यांकडून पावत्या मागवू नका म्हटलं. पण गावाची एकूण मागणी किती आणि वसुली किती, हे आकडे मुलांनी जरूर विचारावेत. ग्रामपंचायतीत नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही, नमुना ९ म्हणजे मागणी आणि वसुलीची. सरपंच म्हणतील, वसुलीच होत नाही तर दिवे कुठून लावू? ही नेहमीचीच सबब म्हणून झटकू नका, पुष्कळदा ती खरी असते. मागणारे आणि बुडवणारे एकाच गावातले असतात, कधी एकाच घरातले. चौदा वर्षांच्या मुलीने हे स्वतः शोधून काढलं तर ती घरी जाऊन बापाशी काय बोलेल, याचा विचार करून बघा. माझ्या मते तिचं नागरिकशास्त्र तिथून सुरू होतं.

आता खांबांकडे या. साधारणपणे वीज महावितरणची असते, आणि दिवा बसवणं, बदलणं, पथदिव्यांचं बिल भरणं हे ग्रामपंचायतीकडे असतं. २०२१ मध्ये थकबाकीपोटी राज्यातल्या कितीतरी गावांच्या पथदिव्यांची जोडणी तोडली गेली, तेव्हा सरपंच मंडळी फार संतापली होती. शेवटी ही बिलं पंधराव्या वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून पंचायतींना येणाऱ्या निधीतून भरायची असं ठरलं. त्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिलेला होता आणि ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाने आपल्या गरजेप्रमाणे ठरवायचा. तुमच्या वाटेवर ४ दिवे चालू आहेत. म्हणजे बिलासाठी अख्खी लाइन तोडलेली नाही, असं समजायला जागा आहे. मग उरलेल्या ७ ठिकाणी बल्ब गेलेत, होल्डर खराब आहे, की तार तुटली आहे? मुलांना आणखी एकदा त्या वाटेवर जाऊ द्या, दिवसाउजेडी, एखाद्या पालकाबरोबर. वहीत खांबांना आपले आपण क्रमांक द्यावेत. खांबाला हात लावायचा नाही, चढायचं तर मुळीच नाही. आणि कोणते ४ चालू आहेत तेही लिहावं. कुणाच्या दारातले आहेत, हे कागदावर येऊ दे, पण त्यावर टीका नको. आकडे वाचले की गाव काय समजायचं ते समजतं.

एवढं झालं की तुमच्या हातात निवेदन उरत नाही, एक पानभर माहिती येते. क्रमांक ३, ५, ६, ७, ८, १० आणि ११ बंद, अमुक तारखेपासून, संध्याकाळी साडेसहाला या वाटेने २२ मुली जातात, अशी. (आकडे मी उदाहरणादाखल लिहिले, खरे तुम्ही भरा.) खुर्चीतल्या माणसाला भावना टाळता येतात, खांब क्रमांक ७ टाळणं अवघड जातं. मी त्या खुर्चीत बसले आहे.

मुख्याध्यापकांबद्दल तुम्ही जरा रागाने लिहिलंय. राग समजतो. तरी त्यांच्या जागी उभं राहून बघा. तुमच्या गावात पंचायतीचे दोन गट आहेत आणि निवडणूक जवळ आली आहे, हे तुम्हीच लिहिता. अशा वेळी शाळेच्या मुलांचा फोटो एका गटाच्या हातात पडला. तुमची तशी इच्छा नव्हती, पण स्टेटसला तुम्हीच ठेवला होता. फोटो ठेवू नये एवढंच मी म्हणत नाही. आपल्याकडे निवेदन देणं ही फोटोची गोष्ट झाली आहे. देणारा खूश, घेणारा खूश, आणि कागद खणात. मुलांना आपण नकळत हेच शिकवतो की फोटो निघाला, काम झालं. पुढच्या वेळी मुलांबरोबर कॅमेरा नको, पोच घ्यायला दुसरी प्रत हवी.

त्या पालकांना भित्रे म्हणू नका. त्यांना उद्या रहिवासी दाखला लागणार आहे, घरकुलाच्या यादीत नाव आहे की नाही ते बघायचं आहे, पाण्याचं कनेक्शन त्याच कार्यालयातून मिळणार आहे. गावात नाराजी महाग पडते आणि ती मुलांच्या नाही, आईबापांच्या वाट्याला येते. तुम्ही १४ मुलं घेऊन गेलात तेव्हा त्या १४ घरांना विचारलं होतं का? मुलांचा आवाज गोड असतो, त्याला कुणी नाही म्हणत नाही, म्हणून मोठ्यांनी आपली गाऱ्हाणी मुलांच्या तोंडी घालायची सवय आपल्या समाजाला लागली आहे. तुमच्या पत्रात ‘मी ठरवलं’ हे शब्द तीनदा आले आहेत आणि ‘मुलींनी सुचवलं’ एकदाही नाही. विषय योग्यच होता. तरी पुढचा विषय वर्गाला निवडू द्या. कदाचित मुलं मुतारीचा निवडतील, कदाचित एसटीच्या वेळेचा, कदाचित खेळाच्या मैदानावर उतरवलेल्या वाळूचा. तुम्हाला जो क्षुल्लक वाटेल तोही चालेल.

‘राजकारण नको’ या वाक्याचं मात्र उत्तर द्यायला हवं, आणि ते शांतपणे, पुस्तक हातात घेऊन देता येतं. बालभारतीच्या पुस्तकांत स्थानिक शासन संस्था सहावीला येतात, सातवीला संविधान, आठवीला संसदीय पद्धत, नववीला भारताचे जगाशी संबंध, दहावीला राजकीय पक्ष, निवडणुका आणि चळवळी. हा क्रम बघितला की मला नेहमी हळहळ वाटते. मूल अकरा वर्षांचं असताना ग्रामपंचायत शिकतं, जेव्हा ते एकटं गावाच्या दुसऱ्या टोकालाही जात नसतं. पुढे त्याला प्रश्न पडायला लागतात, अर्ज लिहिण्याइतकी भाषा येते, तेव्हा पुस्तक संयुक्त राष्ट्रांपर्यंत पोचलेलं असतं आणि पंचायत मागे राहते ती राहतेच. तुम्ही नववीच्या वर्गाला पुन्हा पंचायतीपाशी नेलंत, हे चांगलं केलंत. मुख्याध्यापकांना तसंच सांगा. हा सहावीच्या धड्याचा प्रात्यक्षिक भाग आहे, विज्ञानाच्या प्रयोगासारखा. लेखी परवानगी मागा, पालक-शिक्षक संघाच्या सभेत उपक्रम म्हणून मांडा, आणि कोणत्याही पक्षाचा किंवा गटाचा माणूस वर्गात येणार नाही हे लिहून द्या. दोन गटांच्या भांडणात शाळेचं नाव येऊ न देणं ही मुख्याध्यापकांची जबाबदारी आहे आणि त्यात तुम्ही त्यांना मदत करायला हवी. पण दिवा का लागत नाही हे विचारणं म्हणजे राजकारण असेल, तर १९९३ मध्ये ७३वी घटनादुरुस्ती लागू करून ग्रामसभेला संविधानात जागा दिली ती कशासाठी?

ग्रामसभेचं सांगते, कारण पुढची पायरी तीच आहे. गावच्या मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते. तुमच्या मुली १८ वर्षांच्या नाहीत, म्हणून त्या सदस्य नाहीत. त्यांच्या आया आहेत. महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते आणि तिथले विषय मग मोठ्या सभेपुढे यायला हवेत. पुष्कळ गावांत ही सभा कागदावर होते. सह्या अंगणवाडीत नाहीतर घरोघरी जाऊन घेतल्या जातात. मीही घेतल्या आहेत. १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतली जी संख्या कमी तेवढी गणपूर्ती लागते, तेवढी माणसं जमत नाहीत आणि सभा तहकूब दाखवायचा कंटाळा येतो, असा तो प्रकार असतो. तुमच्या वस्तीवरच्या दहा बाया त्या सभेला खरोखर येऊन बसल्या तर काय होईल, याची कल्पना मला आहे. खुर्च्या कमी पडतील आणि ग्रामसेवकाला खरं इतिवृत्त लिहावं लागेल.

तर काम असं वाटून घ्या. माहिती मुलींनी गोळा करायची. अर्ज आयांनी त्यांच्या सहीने द्यायचा, सभेची नोटीस निघण्याआधी, म्हणजे तो विषयपत्रिकेवर येईल. वर्षातून किमान ४ ग्रामसभा व्हायच्या असतात, बहुतेक गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यांच्या आसपास. मुलींनी आईबरोबर जाऊन मागे बसून ऐकावं, सरपंचांना आधी विचारून. बोलायचं नाही, वही घेऊन लिहायचं. कोण काय म्हणालं, ठराव काय झाला. पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचतात तेव्हा आपल्या वहीशी ताडून बघायचं. हे काम ज्याने चार वेळा केलं, त्याला लोकशाही कशी चालते हे वेगळं सांगावं लागत नाही. ती कुठे गळते तेही.

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा लेखा हे गाव तुम्ही वर्गात शिकवत असाल. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा सगळ्यांना माहीत आहे. २००९ मध्ये त्यांना आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, हेही. त्या गावचे देवाजी तोफा आणि त्यांच्यासोबतचे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांचं काम आपण घोषणेपुरतं सांगतो आणि त्यांचा अभ्यास गट सांगायचा राहतो. त्या गावात निर्णय ग्रामसभा घेते, सर्वसहमतीने. अभ्यास गटात निर्णय होत नाही. तिथे लोक जमतात, कायदा वाचतात, बाहेरच्या जाणकाराला बोलावून प्रश्न विचारतात, वाद घालतात, घरी जातात. ठरवायचं नसतं म्हणून मोकळेपणाने बोलता येतं. तुमचा वर्ग हा गावाचा अभ्यास गट होऊ शकतो. त्याला मतदार यादी लागत नाही, आणि कुणाच्या गटात शिरावंही लागत नाही. मुख्याध्यापकांनाही हे मान्य होईल असं मला वाटतं.

दरवर्षी पंचायत आपला विकास आराखडा बनवते, आपल्याकडे ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने. तो ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर गावाच्या नावाने शोधता येतो, कोणत्या कामाला किती रक्कम धरली तेही दिसतं. शाळेच्या संगणकावर एक तास काढून तुमच्या गावाचं पान उघडा. दिवाबत्तीला काही धरलं आहे का, ते मुलंच सांगतील. केंद्र सरकारने पंचायतींसाठी ठरवलेल्या नऊ संकल्पनांत ‘बालस्नेही गाव’ ही एक आहे, आणि आराखडा करताना मुलांची बालसभा घ्यावी अशी अपेक्षा असते. सरपंचांना भेटायला गेलात तर तक्रार घेऊन जाण्यापेक्षा हे घेऊन जा. आमच्या शाळेत बालसभा घ्या, तुम्ही या, ग्रामसेवकांना आणा, मुलं प्रश्न विचारतील. सरपंचांना दोन महिन्यांपूर्वी मुलांनी शरमेत टाकलं असं वाटत असेल, तर त्यांनाही सन्मानाने परत यायची वाट हवी आहे.

माहिती अधिकाराचं तुम्ही विचारलंत. २००५ चा कायदा नागरिकांना अधिकार देतो, त्यात वयाची अट लिहिलेली नाही. लखनौच्या एका लहान मुलीने गांधीजींना राष्ट्रपिता ही पदवी कधी दिली असं २०१२ मध्ये थेट पंतप्रधान कार्यालयाला विचारलं होतं, आणि तसा आदेश सरकारच्या दप्तरी सापडला नव्हता. ही गोष्ट वर्गात सांगा, मुलांना फार आवडते. पण तुमच्या गावात अर्ज मुलांच्या नावाने टाकू नका. छोट्या गावात माहिती अधिकाराचा अर्ज म्हणजे भांडणाची सुरुवात समजतात. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून तो कुणीही मोठा माणूस देऊ शकतो, ३० दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर प्रथम अपील आहे. आधी तोंडी विचारा, मग लेखी, मग ग्रामसभा. एवढं करून सगळी दारं बंद मिळाली, तर हे दार आहे.

तुमच्यासारखं पत्र लिहू शकतील असे शिक्षक शहरांतही आहेत, म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची काही वर्षं प्रशासकच कारभार बघत होते. त्या काळात १८ वर्षांच्या झालेल्या मुलांनी लोकसभेला, विधानसभेला मत दिलं आणि नगरसेवक म्हणजे काय ते ऐकूनच राहिली. अशा वर्गाला घेऊन वॉर्ड ऑफिस बघायला जाणं हीच मोठी गोष्ट आहे. पुण्यात २००६ पासून नागरिकांना महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातली छोटी कामं सुचवता येतात. एका पदपथाचा, एका बाकाचा अर्ज महाविद्यालयातल्या मुलांनी भरून पाहावा आणि वर्षभर त्याचा पाठपुरावा करावा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत मुलं सात दिवस गाव झाडतात, ते चांगलंच आहे. आठव्या दिवशी गाव कुणी झाडायचं, त्याची तरतूद किती, हे त्यांनी परत येण्यापूर्वी एकदा विचारावं. आणि स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे, तुम्हाला पंचायतींबद्दलच्या अनुच्छेद २४३ चे सगळे पोटभाग पाठ असतात. सुट्टीत गावी जाल तेव्हा एका ग्रामसभेला बसा.

वर्गातल्या मुलांच्या मोठ्या भावंडांना हेही सांगा, की मतदार यादीत नाव घालायला १८ पूर्ण होईपर्यंत थांबायची गरज नाही. १७ पूर्ण झाली की नमुना ६ आगाऊ भरता येतो, आणि आता वर्षातून चार पात्रता तारखा आहेत, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली.

आता त्या मुलीकडे. तिला खोडून काढू नका. ‘असं नाही म्हणायचं बेटा’ म्हणालात तर ती गप्प बसेल, आणि तिचं मत आणखी पक्कं होईल. फळ्यावर दोन रकाने करा. आपण काय काय केलं आणि काय काय केलं नाही. पहिल्यात खांब मोजले, निवेदन लिहिलं, नेऊन दिलं, फोटो काढला. दुसऱ्यात तिलाच लिहायला लावा. पोच घेतली नाही. परत जाऊन विचारलं नाही. कर कुठे जातो ते पाहिलं नाही. आईला सांगितलं नाही. चूक तुमचीही होती, हे तिच्यासमोर म्हणा. बाई चुकल्या असं बाई स्वतः म्हणतात, हे त्या वर्गाने पहिल्यांदाच ऐकलं असेल.

मग दोन मुलींना तिच्या आईबरोबर पंचायतीत पाठवा. तुम्ही जाऊ नका. १४ जणांचा घोळका नको, फोटो नको. निवेदनाची प्रत आणि शिक्का मारायला दुसरी प्रत एवढंच हातात असू दे. खिडकीपाशी उभं राहून विचारायचं, ‘आमच्या अर्जाचा आवक नंबर काय?’ नोंद नसेल तर तिथेच करून घ्यायची, आणि नंबर वहीत लिहून आणायचा.

माझ्या १६ वर्षांत शाळेचं एकही मूल हा प्रश्न विचारायला परत आलं नाही. कुणी आलं असतं तर मला खण उघडावा लागला असता. तुमच्या मुली जाऊन आल्या की मला नंबर कळवा.